चेकिंगला वाजवायची गाणी

कुणाच्या घरी गेला तर भिंतीवरच्या घड्याळाखाली बसायचा नाही.

बोलणं सुरू करायच्या आधी पंखा बंद करायचा. एप्रिलमध्येसुद्धा.

विजेच्या डीपीजवळून जाताना त्याची चाल मंद व्हायची. ती कशी गुणगुणते ते ऐकायचा.

शर्टाच्या खिशात काड्यापेटी असायची. तिच्यात काड्या नसायच्या, कापूस असायचा.

एसटीत खिडकीची काच सैल असलेली जागा शोधायचा. काच थरथरायला लागली की खूश. मुरबाड येईपर्यंत बोलायचा नाही.

‘ऐक’ म्हणायचा आणि पुढं काहीच म्हणायचा नाही.

हे भूतकाळात लिहिलं म्हणून गैरसमज नको. महेंद्र आहे. किन्हवलीच्या अलीकडं त्याचं घर आहे, त्या घराच्या ओट्यावर बसलेला आहे. सवयी गेल्या. त्या कशा गेल्या ते मला लिहायचं आहे. शांतपणे लिहिता येईल असं वाटत नाही.

महेंद्र हळदीला साऊंड वाजवायचा. साऊंड अनिलचा, महेंद्र ऑपरेटर. आमच्याकडं शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणसं जेवायला येतात, हळदीला नाचायला. हळद कशी झाली हे दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाला विचारायचं असतं. त्या गावाला झोप लागली असेल तर हळद फुकट गेली.

असं काम करणारा माणूस घरी काय ऐकत असेल?

त्यानं उल्हासनगरहून एक जुना लॅपटॉप आणला होता. आधीच्या मालकानं त्यातलं सगळं पुसलं होतं, एक फोल्डर राहिलं होतं. त्यात परदेशी अल्बम होते. त्यांत शब्द नव्हते, ताल नव्हता. काही ठिकाणी तर सूरही नव्हता. एखादा आवाज सुरू व्हायचा आणि बराच वेळ नुसता असायचा. तो मालक कोण होता ते महेंद्रला कधीच कळलं नाही. ‘चांगला माणूस असणार,’ तो म्हणायचा. ‘एक पण गाणं नाय ठेवलंन.’

मग त्याला नादच लागला. फोनवर नवीन नवीन शोधायचा. त्याला याच वर्षातलं लागायचं, फार तर गेल्या वर्षातलं. ‘जुनं चांगलं हे कोण पण सांगंल. आत्ता कोण काय करतोय ते ऐकायचं.’

परदेशी नावं त्याच्या लक्षात राहत नसत. म्हणून अल्बमना तो स्वतःच नावं ठेवायचा. बर्फवाली. बेरिंगवाला. लिफ्टवाला. एकाचं नाव नुसतं पोल्ट्री.

आणि सांगत सुटायचा. अमक्यानं हे ऐक, तमकीनं ते ऐक. शेवटी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. त्याला ‘बारीक आवाज’ असं नाव दिलं. मी मराठी घेऊन बीए झालोय, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. मी वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, पण महेंद्र मला मास्तर म्हणतो. तो सांगायचा, मी टाइप करायचो. त्याची पद्धत ठरलेली होती. आवाज कसला आहे, कधी ऐकायचा, कुणासाठी. तिसरी गोष्ट तो अल्बम शेवटपर्यंत ऐकल्यावरच सांगायचा. ‘शेवट ऐकल्याबिगर माणूस ठरवायचा नाय.’

त्यातला एक मेसेज असा होता:

‘बर्फवाली. थंड देशातलं तळं गोठलंय. खालून पाणी ढकलतंय. बर्फ तडकतो तो आवाज एका बाईनं माइक खाली सोडून पकडलाय आणि यंत्रातून संथ केलाय. पहिला तुकडा लांब आहे. त्यात काही होत नाही असं वाटेल. होतंय. दुपारी भांडी झाल्यावर ऐकावा. धोंडीबाईसाठी.’

धोंडीबाई शेजारच्या. सरळगावच्या बाजारात सुकी मासळी विकायच्या. मुलगा नाशिकला राहायला गेल्यापासून दुपारचं घर त्यांना खायला उठायचं. महेंद्रनं त्यांच्या फोनवर अल्बम लावून दिला. त्या बराच वेळ फोनकडं बघत बसल्या.

‘ही बाई गाणार कधी?’

‘ती गात नाय काकी. ती नुसती बसलीय तिथं.’

‘थंडीत?’

‘थंडीत.’

‘एकटीच?’

‘एकटीच.’

‘मग मी पण बसते,’ धोंडीबाई म्हणाल्या.

त्या खरंच बसायच्या. ओट्यावर सुकट निवडत, फोन टोपलीत ठेवून.

बेरिंगवाला म्हणजे बंद पडलेल्या गिरणीत कुणीतरी यंत्रांवर वाजवलेला अल्बम. तो टेम्पोवाल्या राघोला दिला होता. राघोच्या टेम्पोत तो आपोआप सुरू झाला आणि बेरिंग गेलं समजून राघोनं शहापूरला चाक खोलून घेतलं. तिथून फोन केला. ‘महेंद्रा, मिस्त्री म्हणतो बेरिंग चांगलाय. मग कोण ओरडतंय?’ महेंद्र हसून हसून खाली बसला. राघोनं आठवडाभर शिव्या दिल्या. नंतर डोळखांबच्या चढावर तोच अल्बम लावायला लागला. चढ कमी वाटतो म्हणाला.

पण महेंद्रची खरी जागा म्हणजे चेकिंग. हळदीच्या दुपारी साऊंड उभा करतात आणि सगळं चालतंय का ते बघतात, ते चेकिंग. बाकीचे ऑपरेटर रात्रीचीच गाणी लावून बघतात. महेंद्र बर्फवाली लावायचा. माणसाच्या दुप्पट उंचीचे स्पीकर आणि त्यातून एवढासा आवाज. मांडवात बायका हळद कांडत असायच्या, पुरुष उंबराची फांदी बांधत असायचे. कुणी म्हणायचं, मशीन बिघडलं का रे. कुणी म्हणायचं, राहू दे, बरं वाटतंय. मी सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर जायचो. तो मला लांब उभा करायचा, झाडाखाली. ‘इथनं ऐक.’

दोन वर्षांपूर्वी शहापूरला कानांचं शिबिर होतं. पौर्णिमावहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला ओढून घेऊन गेली. कारण ती बर्फवाली ऐकताना म्हणाली होती, ‘आता टिचकी वाजली ना, ती छान आहे.’ महेंद्रला टिचकी ऐकूच आली नव्हती. तिनं परत लावलं. परत नाही.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले आहेत, ते परत येत नाहीत. गोंगाटात उभे राहिलात तर उरलेलेही जातील.

‘काम सोड, दादा,’ मी म्हटलं.

‘आन काय करू?’

‘काहीही.’

‘मशीन सोडलं तर एवढाले स्पीकर मला ऐकायला कोण देणार, मास्तर?’

हेच त्याचं खरं उत्तर होतं. त्याला ते स्पीकर हवे होते. दुपारच्या चेकिंगसाठी तो रात्रीची हळद वाजवत होता.

मग त्यानं एक उपाय काढला. साऊंडच्या रॅकमध्ये एक लिमिटर बसवला. लिमिटर म्हणजे आवाजाला घातलेलं कुंपण. बटण कितीही वर ढकला, ठरलेल्या हद्दीपुढं आवाज जात नाही. आणि हद्द त्यानं कशी ठरवली? आमच्याकडं हळदीला धवलारीण येते. लग्नाचे धवळे म्हणणारी बाई. पूर्वी तिच्याशिवाय मांडवातलं पान हलत नसे. आता ती साऊंडच्या शेजारी तोंड हलवत बसते. कुणाला काही ऐकू येत नाही. महेंद्रनं हिरी धवलारिणीला मांडवात बसवलं, मशीन चालू केलं आणि तिला धवळा म्हणायला लावला. तिचे शब्द त्याला जिथं कळले, तिथं त्यानं लिमिटर बांधला. ही सगळी हद्द.

पण आवाज कमी झालेला माणसांना कळला असता. त्यावरही त्यानं तोड काढली. मशीन पूर्ण ताकदीवर गेलं की मिक्सरवर लाल दिवे लागतात. नाचणाऱ्यांना तेवढंच माहीत असतं. दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन बघून जातो, लाल मारतंय का. महेंद्रनं रॅकवर एक मोठा लाल दिवा लावला. पोरं यायची, दिवा बघायची, जाऊन नाचायची. कुणालाही आवाज कमी वाटला नाही. मी स्वतः बघितलंय. दिवा लाल होता म्हणून ते घाम गाळत होते.

एक अख्खा सीझन असा गेला. हिरीचे धवळे ऐकू आले. म्हाताऱ्या बायका तिच्या मागं म्हणायला लागल्या. शेजारच्या गावांना झोपही लागली असावी, पण कुणाची तक्रार आली नाही.

मग मुरबाडच्या पलीकडं एका गावात हळद होती. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना बरं वाटेल. नवरदेवाचा चुलतभाऊ दिपेश वायरमन. हिरीनं धवळा धरला म्हणून महेंद्रनं गाणं थांबवलं. गाणं थांबलं आणि दिवा लालच राहिला. दिपेशनं ते बघितलं. रॅकच्या मागं गेला, वायर हातात धरून आला.

‘हा दिवा तर मशीनला नाय, थेट लाइटीच्या पिनेला जोडलाय.’

कुणी हसलं. मग कुणी हसेना.

‘म्हणजे एवढा वेळ हळू वाजत होतं?’

‘हळू नाय,’ महेंद्र म्हणाला. ‘पुरेसं वाजत होतं.’

‘पुरेसं कोण ठरवणार? तू?’

‘आमच्या पोराची हळद, आन तू खोटा दिवा लावतो?’

‘तुला वाजवायला बोलावलंय. शिकवायला नाय.’

ते शेवटचं वाक्य कुणाला उद्देशून, कोणत्या सुरात बोललं जातं, हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. महेंद्रलाही सांगावं लागलं नाही. त्यानं दिवा काढून पिशवीत टाकला.

आठवड्यात सगळीकडं झालं. महेंद्र आवाज चोरतो. आवाजचोर. जे लोक त्याच आवाजावर पाय दुखेपर्यंत नाचले होते, तेच म्हणायला लागले, तरीच आमची हळद पडेल झाली. अनिलला फोन यायला लागले. अनिल वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. तो काहीच नाही. त्यानं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि लिमिटर काढला.

‘अनिलभाऊ, माझे कान,’ महेंद्र म्हणाला.

‘कापूस हाय ना तुझ्याकडं.’

‘कापसानं काय होतंय?’

‘मग दोन पेट्या ठेव.’

महेंद्रनं पुढची हळद घेतली. मी त्याला खूप बोललो. तोही मला बोलला. त्याच आठवड्यात त्याला एक नवीन अल्बम सापडला होता. त्याचं नाव टाकीवाला. कुणा तरुणानं रिकाम्या पाण्याच्या टाकीत जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रं नेऊन वाजवलेला. त्यात खूप वेळ शांतता आहे, मग एक भरलेला स्वर, मग पुन्हा शांतता. टाकीतला आवाज विरायला वेळ लागतो. तो पूर्ण विरेपर्यंत तो माणूस थांबतो, मगच पुढचा स्वर लावतो. महेंद्र त्याच्या प्रेमात पडला होता. ‘थांबतोय बघ,’ म्हणायचा. ‘आपल्यात कोण थांबतो?’ शेवटचा तुकडा त्यानं मुद्दाम ऐकला नव्हता. तो मोठ्या स्पीकरवर ऐकायचा होता.

रविवारची दुपार होती. मी बरोबर होतो. टेम्पोत त्यानं मला निम्मा मेसेज सांगितला, मी टाइप केला. ‘कुणासाठी’ तेवढं राहिलं. ते चेकिंगनंतर.

मांडवात साऊंड उभा राहिला. त्यानं टाकीवाला लावला आणि मला आंब्याखाली पाठवलं. एका स्पीकरचा हॉर्न, म्हणजे बारीक आवाजाचा भोंगा, चालत नाही अशी त्याला शंका होती. बारीक आवाज त्याला लांबून ऐकू येत नव्हतेच. म्हणून त्यानं कानातला कापूस काढला, गुडघ्यावर बसला आणि कान भोंग्याला लावला.

नवरदेवाचा मामा मिक्सरपाशी आला. पोरं तिथं उभी होती. त्यांचं बोलणं मला नंतर कळलं.

‘दुपार कलली, अजून मशीन चालू नाय?’

‘चालूच हाय मामा. झोपेचं गाणं लावलाय त्यानं.’

‘हाच का तो आवाजचोर?’

‘हाच.’

अल्बममध्ये तेव्हा शांतता होती. तो तरुण त्याच्या टाकीत थांबला होता. मामानं मिक्सरवरची बटणं एकेक करून वर ढकलली. आवाज आला नाही. मग त्यानं सगळीच वर ढकलली, अगदी टोकाला. मी आंब्याखालून बघत होतो. मला वाटलं, तो काहीतरी पुसतोय.

मग स्वर आला.

मी लांब होतो तरी खाली वाकलो. मांडवाचे पत्रे वाजले. महेंद्र पडला नाही, किंचाळला नाही. गुडघ्यावरून उठला. मी धावत मिक्सरकडं गेलो. स्वर चालूच होता. महेंद्र माझ्याकडं बघून काही बोलत होता. मी सगळी बटणं खाली ओढली, तेव्हा ऐकू आलं. तो तेच तेच विचारत होता.

‘बंद कुणी केलं?’

राघोच्या टेम्पोतून आम्ही त्याला कल्याणला नेलं. हळद थांबली नाही. अनिलनं दुसरा ऑपरेटर पाठवला. मशीन तेच, जागा तीच. नंतर कळलं की हळद जोरात झाली. शेजारच्या गावात कुणाला झोप लागली नाही. मांडवातून एकच माणूस उठून गेलं, हिरी धवलारीण. धवळे न म्हणता गेली म्हणून तिला नावं ठेवली गेली. महेंद्रबद्दल कुणी काही म्हटलं नाही. वाजवणाऱ्याच्या कानाला काय होतंय, असं म्हणाले असतील.

डावा कान पूर्ण गेला. उजव्यात एक शिट्टी आहे, ती थांबत नाही. त्या शिट्टीखालून फक्त जाडे आवाज पोचतात. ट्रक, दार आपटणं, हळदीचा बेस. बोलणं पोचत नाही. पौर्णिमावहिनीचा आवाज पोचत नाही. बर्फ पोचत नाही. सीझनमध्ये संध्याकाळी दोन गावं सोडून हळद वाजते, ती मात्र त्याला ओट्यावर बसून कळते. त्याच्यासाठी एवढंच संगीत शिल्लक ठेवलंय लोकांनी.

मामा भेटायला आला होता. लग्नातले लाडू घेऊन. दारातूनच ओरडून बोलायला लागला. ‘आवाजच नव्हता हो. मला काय ठाऊक? मला वाटलं बंद हाय.’

हे खरं होतं, म्हणून मला जास्त संताप आला. आवाज नव्हता. शांतता होती. ती ऐकायची असते हे त्याला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि जो सांगू बघत होता त्याला त्यांनी चोर ठरवलं होतं.

वहिनी उठली. तिनं लाडवांचा पुडा घेतला नाही.

‘मामा, आता कशाला ओरडता?’ ती म्हणाली. ‘आता कमी करा.’

अनिलही आला. बॉक्स उचलायला, वायरी गुंडाळायला ये म्हणाला. ‘त्याला ऐकू यायची गरज नाय.’ मी त्याला ओट्यावरून खाली उतरवलं. हात लावला नाही. पण लावला असता.

ग्रुपवर अजून लोक विचारतात. राघो विचारतो, चढासाठी नवीन काय आहे. धोंडीबाई टाइप करत नाहीत, त्या फोन घेऊन येतात आणि महेंद्रसमोर बसतात. बर्फवाली लावतात, फोन त्याच्या तळहातावर ठेवतात. फोन एवढासा, त्याला काय कळणार. तो मान हलवतो. मला माहीत आहे, ती मान धोंडीबाईंसाठी हलते.

टाकीवाल्याचा मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. टेम्पोत टाइप केला तसा. मी एक शब्द बदललेला नाही.

‘टाकीवाला. रिकामी पाण्याची टाकी. आत जुनी यंत्रं. एक स्वर लावायचा आणि तो पुरता जाईपर्यंत थांबायचं. थांबण्याचाच अल्बम आहे. घाई असेल तेव्हा ऐकावा, निवांत असताना नाही.’

त्याच्या खाली ‘कुणासाठी’, आणि पुढं काही नाही.

गेल्या रविवारी मी तो मेसेज त्याच्यासमोर धरला. त्यानं चष्मा लावून वाचला. मी ‘कुणासाठी’वर बोट ठेवलं. मला वाटलं, तो अंदाजानं कुणाचं तरी नाव सांगेल. माझं सांगेल असंही वाटलं. मला ते चाललं असतं.

तो बोलला तेव्हा फार हळू बोलला. त्याला स्वतःचा आवाज कळत नाही, कधी फार मोठा लागतो, कधी फार बारीक. मला पुढं वाकावं लागलं.

‘शेवटचा तुकडा राहिलाय, मास्तर,’ तो म्हणाला. ‘आत्ताच पाठवू नको.’

मी पाठवलेला नाही.